शेफालिकेची वही

१

अकरा वह्यांमधली एकच गेली होती, आणि नेमकी तीच.

मी आतल्या खोलीतल्या टेबलाचा खण तिसऱ्यांदा पुरता बाहेर ओढला, उपडा केला, पाठीमागच्या फटीत हात घातला. झुरळ निघालं, वही निघाली नाही. दुपारचा एक वाजला होता. उद्या शुक्रवार, पूजेच्या सुट्टीआधीचा हायकोर्टाचा शेवटचा दिवस. ती वही उद्या न्यायमूर्तींच्या हातात पडली नाही, तर पुढं महिनाभर दाद मागायला दार उघडं नव्हतं.

मी अनादी पोरेल. हायकोर्टासमोरच्या गल्लीत वकील हैमवती बागचींच्या, म्हणजे आमच्या दिदींच्या, चेंबरमध्ये एकतीस वर्षं मुहुरी, म्हणजे कारकून, आहे. फायली सांभाळायच्या, तारखा पाळायच्या आणि दिदींची बोलणी खायची, एवढंच माझं काम. वह्या कुलपाच्या कपाटात होत्या. सकाळी यादी करायला म्हणून मीच त्या बाहेर काढल्या आणि बिनकुलपाच्या खणात ठेवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वह्या होत्या सुषेण तलापात्रांच्या. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी बारा बागांचा चहा मिसळून 'शेफालिका' नावाचं मिश्रण जमवलं. कोलकात्यात ज्या घरात सकाळ होते, त्या घरात तो डबा असतो. डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असे, 'मिश्रण : सुषेण तलापात्र'. त्यांचे भागीदार गौरहरी भौमिक गेले, आणि मुलगा प्रबीरनं जाहीर केलं की मिश्रण माझ्या वडिलांचं. शनिवारी तो ते दिल्लीच्या एका बड्या कंपनीला विकणार होता. नव्या डब्यावरून सुषेणबाबूंचं नाव उडालंही होतं.

पुरावा एकच, ती वही. कोणत्या बागेचा किती हिस्सा, कोणत्या महिन्याचा माल, सगळं त्यांच्या खुणांच्या लिपीत. नक्कल काढू दिली नव्हती. नक्कल निघाली की गुपित संपलं.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती फक्त दिदींना आणि मला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वीच्या तापात सुषेणबाबूंच्या जिभेची चव गेली होती. वासही गेला होता. साखर आणि मीठ त्यांना सारखंच. त्यांची जीभ उरली होती ती त्या वहीतच.

"दिदी, एक वही गेली," मी म्हणालो.

दिदींनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणती?"

"तीच."

२

दुसरं कुणी असतं तर मला फाडून खाल्लं असतं. दिदी उठल्या, खुर्ची खणाजवळ ओढून बसल्या आणि उरलेल्या दहा वह्या एकेक करून बघू लागल्या. कोर्टासाठी मी सगळ्यांना एकसारखे खाकी कागद चढवले होते. वर नाव नाही, आकडा नाही.

सत्तराव्या वर्षी या बाईंचा हात कापत नाही. मी त्यांना भितो असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मी थक्क होतो, आणि थक्क झालेला माणूस भ्यालेल्यासारखाच दिसतो.

जलपाईगुडीच्या बागेतल्या कारकुनाची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी कोलकात्यात आली ती एका दलालाच्या चहा चाखण्याच्या खोलीत लिहिणारी म्हणून. चाखणारा साहेब शंभर वाट्यांच्या रांगेवरून सुर्र करून घोट घेत, पिंकत पुढं जाई, आणि मागून ही पोर तो बोलेल ते टिपून घेई. सहा वर्षं हे केलं. संध्याकाळी कायद्याचे वर्ग. सनद मिळाली तेव्हा व्यापाराच्या खटल्यात बाईमाणसाला कुणी उभं करत नसे. "तुम्ही घटस्फोट बघा," असं तोंडावर सांगत. तीन वर्षं एकही फाईल नाही. मग एका तागवाल्याचा हरलेला दावा गळ्यात पडला, कुणालाच नको म्हणून. माल ओला होता की कोरडा, यावर दोन्हीकडचे वकील चार महिने कागद वाचत होते. ही खिदिरपूरच्या गोदामात गेली, बाह्या सरसावल्या आणि गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला. दुसऱ्या दिवशी कोर्टात म्हणाली, "महाराज, कागद कोरडे आहेत, ताग ओला आहे." दावा जिंकला. तेव्हापासून नेम एकच, माल पाहिल्याशिवाय फाईल उघडायची नाही. जहाजाच्या खटल्यात शिडीनं जहाजावर चढल्या, तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. मी खाली धक्क्यावर डोळे मिटून उभा होतो.

"अनादी, इथं आज कोण कोण होतं?"

मी सांगितलं. सकाळी साडेदहाला तडजोडीची बैठक होती. सुषेणबाबू, त्यांचा जावई शुभंकर, प्रबीर भौमिक आणि दिल्लीच्या कंपनीचे कायदा अधिकारी नीलरतन कर. दिदींनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना चहा दिला. अकराला कोर्टातून बोलावणं आलं, म्हणून दिदी, मी आणि सुषेणबाबू तिकडं गेलो. बाकी तिघं "विचार करून सांगतो" म्हणत इथंच थांबले. बाराला परतलो तर निरोप मिळाला, तडजोड नाही. प्रबीर आणि कर निघून गेले होते.

"आणि बिनोदिनीमाशी?"

माशी म्हणजे मावशी, आमच्या चेंबरची कामवाली; ती दारात फडकं घेऊन उभीच होती. "मी इथून हललेली नाही हां! तिघंही आतल्या खोलीतून गेले. न्हाणीघर तिकडंच आहे, काय करतील? आधी तो भौमिक, मग जावई, शेवटी दिल्लीवाला. दारं लावून. मी काय डोकावू?" मग तिचा खरा राग बाहेर आला. "आणि कप अजून तसेच पडलेत, दिदी. कोण काय टाकून गेलं ते तुम्ही बघितल्याशिवाय धुवायचे नाहीत, मान्य. पण त्या दिल्लीवाल्यानं घाण करून ठेवलीय. चहा तर प्यायला नाही, वर झाकणावर सगळा चोथा! शिकलेली माणसं!"

"राहू दे तसंच," दिदी म्हणाल्या. "अनादी, प्रबीर आणि कर यांना तीन वाजता बोलाव. सांग, शेवटचं बोलणं."

"पण चोर कशाला येईल, दिदी?"

"जो येणार नाही तो चोर, असं सगळ्यांना वाटेल ना? म्हणून तो नक्की येईल."

३

शुभंकर इथंच होता. भूगोलाचा मास्तर, सज्जन, पण त्या दिवशी त्याच्या कपाळावर घाम होता. सासऱ्यांना त्यानं बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"शुभंकर, तुम्ही माझा खण उघडलात," दिदी म्हणाल्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे कधी ठरलं? दिदींनी दहा वह्यांच्या खालून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

जावई रडकुंडीला आला. "दिदी, मी फक्त तेवढं ठेवायला... समोर बोलायचा धीर झाला नाही."

"वाच," दिदी मला म्हणाल्या.

मी वाचलं. 'उद्या बाबांना साक्षीला उभं करू नका. समोरचा वकील पाच वाट्या मांडील आणि म्हणेल, यातली तुमची कोणती ते ओळखा. बाबांना चव कळत नाही. त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही, पण परवा आमटीत चुकून दुप्पट मीठ पडलं आणि ते छान झालीय म्हणाले. भर कोर्टात त्यांची शोभा होऊ देऊ नका. हरलो तरी चालेल.'

मी कागदाची घडी घातली. मला वाटलं होतं, ते गुपित फक्त आमचं.

"खण उघडलात तेव्हा वह्या किती होत्या?"

"मोजल्या नाहीत, दिदी. कागद खाली सरकवला आणि पळालो."

"बरं. सासऱ्यांना बाहेर काही बोलू नका."

तो गेल्यावर मी म्हणालो, "खरं बोलतोय असं वाटतं. पण हरलो तरी चालेल म्हणणाराच वही लपवील की नाही?"

"लपवील," दिदी म्हणाल्या. "अकरातली कोणती, ते त्याला कळलं तर."

४

प्रबीर भौमिक आला तो तावातावात. पन्नाशीचा, पूल बांधणारा इंजिनियर, बापाच्या धंद्यात उशिरा शिरलेला.

"वही गेली? आणि मी चोर? वा, बागचीदिदी, वा! अहो, ती माझ्या बाबांची वही आहे. न्यायची असती तर दिवसाढवळ्या काखेत मारून नेली असती."

"तुम्ही सकाळी आत गेला होतात."

"न्हाणीघरात! साठ वर्षांच्या इमारतीत न्हाणीघर असं खोलीच्या पोटात, यात माझा काय गुन्हा?"

दिदींनी उरलेल्यांतली एक वही उघडून त्याच्यापुढं सरकवली. "ही फुली, तिच्याभोवती गोल, शेजारी तीन टिंबं. कसली खूण?"

"तेच तर! या खुणा कुणाला कळतात? लहानपणापासून बघतोय. बाबा स्वतः डोक्याला हात लावायचे, म्हणायचे, सुषेणदाचं हे काय गिचमिड चालतं देव जाणे." तो हसला, आणि मग हसू मधेच थांबलं. काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

मी तर खुर्चीवरून उठलोच. ज्याच्या बापाला वही वाचता येत नव्हती, त्याचं मिश्रण कसलं? पण दिदींनी त्याला कोंडीत धरलं नाही. शांतपणे वही मिटली.

"उन्हाचे आलात. बाहेर पंख्याखाली बसा."

"दिदी, सापडला की तो!" मी कुजबुजलो.

"दावा सापडला. वही नाही." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्याला अकरा वह्यांतली एक निवडता आली असती का?"

साप म्हणून भुई धोपटत होतो मी.

५

नीलरतन कर चाळिशीचे. कडक इस्त्री, हळू आवाज. बसायच्या आधीच त्यांनी बॅग उघडून टेबलावर ठेवली.

"वही हरवल्याचं प्रबीरबाबूंनी आताच कानात सांगितलं. बघून घ्या. खिसेही बघा. मी सकाळी हीच बॅग घेऊन आलो होतो."

बॅगेत करारांचे कागद, एक छत्री, घशाच्या गोळ्या.

"छे, छे," दिदी म्हणाल्या. "चहा मागवू?"

"माफ करा, मी पीत नाही. जळजळ होते. मला चहातलं फक्त कलम आणि पोटकलम कळतं."

"कुठले तुम्ही मूळचे?"

"दिल्ली."

"त्याआधी?"

"आसामात शिकलो. थोडे दिवस." ते उठले. "चारला दत्तचौधुरींच्या ऑफिसात काम आहे. निघू का?"

रथीन दत्तचौधुरी हे समोरच्या पक्षाचे सॉलिसिटर. दिदींशी चाळीस वर्षं भांडलेला सभ्य माणूस.

"पाच मिनिटं बसा," दिदी म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "अनादी, अकरापासून या चेंबरमधून काय काय बाहेर गेलं? माणसं सोडून."

"काही नाही, दिदी. केर अजून इथंच आहे. टपाल नाही. फक्त बाराला मी..."

मी पोचपावतीकडं पाहिलं.

बाराला मी आतल्या टेबलावरचं प्रतिज्ञापत्रांच्या नकलांचं गाठोडं, लाल फितीत बांधलेलं, वर दत्तचौधुरींचं नाव लिहिलेलं, त्यांच्या माणसाच्या हाती दिलं होतं. रीतसर पोच घेऊन. चार बोटं जाड गाठोडं. त्यात एक वही सरकवली तर कुणाच्या बापाला कळणार होतं? मी शोधतोय खणात, आणि माल मीच घरपोच केलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दिदींनी फोन लावला. "रथीन? हैमवती. माझ्या मुहुरीनं बाराला दिलेलं गाठोडं सोडलंस? नाही ना? सोडू नकोस. जसं आहे तसं घेऊन स्वतः इकडं ये. का, ते आल्यावर सांगते."

पलीकडून एक प्रश्नही आला नाही. चाळीस वर्षं समोरासमोर लढून या बाईनं हे कमावलं होतं. विरोधी वकील, हातात उद्याचा खटला, आणि एका वाक्यावर माणूस उठून निघाला. मला त्या क्षणी नमस्कार करावासा वाटला.

करांनी बॅग मिटली. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त ते आता उठत नव्हते.

६

दत्तचौधुरी धापा टाकत आले. प्रबीर, शुभंकर आणि सुषेणबाबूही आत आले. फीत सगळ्यांसमोर सोडली. नकलांच्या मधोमध खाकी कागद चढवलेली वही होती. सुषेणबाबूंनी ती दोन्ही हातांनी उचलली. गेली होती हेच त्यांना तेव्हा कळलं.

"हैम, हे माझ्या ऑफिसनं..." दत्तचौधुरी पांढरे पडले.

"तू नाहीस. जो चारला तुझ्याकडं येऊन 'जरा ते गाठोडं बघू' म्हणणार होता, त्यानं." दिदींनी माशीला खूण केली. माशीनं सकाळचा ट्रे जसाच्या तसा आणून ठेवला.

"अकरा सारख्या वह्यांतून एक उचलायची तर आतल्या खुणा वाचता यायला हव्यात. त्यांचं मूळ चाखण्याच्या खोलीतलं, तिथं बसलेल्यालाच त्या उमगतात. प्रबीरबाबूंना येत नाहीत, त्यांच्या वडिलांनाही येत नव्हत्या. मास्तरांना येत नाहीत. उरलं कोण? ज्याला चहातलं काही कळत नाही असा गृहस्थ."

"हा अंदाज झाला," कर म्हणाले.

"हो. म्हणून हे कप बघा. मी जुनं सामान वापरते, दातेरी काठाचा झाकणाचा कप आणि वाटी. चहा मुरला की लोक कप वाटीवर कलंडवतात, रस गाळला जातो, पत्ती कपातच राहते. प्रबीरबाबूंची कपात आहे. मास्तरांची कपात आहे. तुम्ही चहाला ओठ लावला नाहीत, वाटी भरलेली आहे. पण पत्ती?"

करांचं झाकण उलटं ठेवलेलं होतं, आणि त्यावर ओली पत्ती पसरलेली, उजेडाच्या बाजूला.

"घोट घेतला असता तर ओळखू आला असता, म्हणून तुम्ही जीभ आवरलीत," दिदी म्हणाल्या. "हात आवरला नाही. ओली पत्ती उलट्या झाकणावर काढून उजेडात बघितल्याशिवाय चाखणाऱ्याला चैनच पडत नाही. सहा वर्षं मी हे रोज शंभरदा पाहिलंय. माशीला तो चोथा दिसला. मला तुमची नोकरी दिसली. किती वर्षं झाली?"

करांनी झाकणावरच्या पत्तीवर एकदा बोट फिरवलं. "बावीस," शेवटी म्हणाले. "टेस्टर म्हणून आलो असतो तर मला या खोलीत कुणी बसू दिलं नसतं."

प्रबीर ओरडला, "मला हे ठाऊक नव्हतं!" आणि त्याचा तो एक शब्द तरी मला खरा वाटला.

"तक्रार करायची की नाही, ते वहीचा मालक ठरवील," दिदी म्हणाल्या. "सुषेणबाबू?"

म्हातारा करांपुढं जाऊन उभा राहिला होता. रागावलेला वाटेना. "तक्रार राहू दे बाजूला. बाबा रे, तू खरंच चाखणारा आहेस?"

"हो."

"मग एक कर. हा आजचा डबा आहे. करून घे आणि सांग, कसा लागतो."

"बाबा!" शुभंकरनं त्यांचा हात धरला. दिदीही अर्ध्या उठल्या. समोर विरुद्ध पक्षाचा सॉलिसिटर बसलेला! पण म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतला.

"दोन वर्षं झाली, मला चव नाही. दत्तचौधुरीबाबू, तुम्हीही ऐका, लपवून काय करू? बागा बदलतात, पाऊस बदलतो, मी सवयीनं आकडे मांडतो. मिसळणाऱ्या बायका म्हणतात छान. मुलगी म्हणते छान. माझं मन राखतात. मला कुणी खरं सांगत नाही."

कोर्टाआधीच सगळं संपलं, असं मला वाटलं. खालमानेनं मी पाणी उकळायला ठेवलं.

करांनी वजन केलं, पाणी ओतलं, घड्याळ पाहिलं. घोट सुर्र करून ओढला. गाल फुगले, डोळे मिटले. पिंक टाकून पुन्हा एक. त्या वेळी तो चोर दिसत नव्हता. खोलीत फक्त एक कारागीर होता, आणि दुसरा त्याच्या तोंडाकडं जीव डोळ्यांत आणून बघत होता.

"छान नाही," कर म्हणाले.

शुभंकरनं डोळे मिटून घेतले.

"सुरुवात सुंदर आहे. अशी मी कुठं चाखलेली नाही. पण मध्ये पोकळ होतो, आणि शेवटी तुरट ओढ राहते. लाकडासारखी."

"लाकडासारखी," सुषेणबाबू पुटपुटले. "जिभेच्या कडेला की मागं?"

"मागं."

"म्हणजे कार्तिकातला माल जास्त होतोय. ज्येष्ठातला कमी पडतोय. डोंगराकडच्या त्या दोन बागा... ओढ लगेच येते की उशिरा?"

"उशिरा."

म्हाताऱ्यानं वही उघडली आणि खिशातून पेन काढलं. दिदींनी झडप घालून मनगट धरलं. "त्यात नाही! तो पुरावा आहे. इथं लिहा." स्वतःच्या फायलीतलं पान उलटं करून पुढं ठेवलं.

सुषेणबाबूंनी फुली काढली, गोल काढला, टिंबं दिली. बारा ओळी, एकदाही न थांबता. तिसऱ्या आणि आठव्या ओळीतला आकडा बदलला. कर खांद्यावरून वाचत होते. एकाएकी वाकून त्यांनी म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

"हे मला वही घेऊनही जमलं नसतं," ते म्हणाले. "घडलं ते सगळं लिहून देतो. माझ्या सहीनं."

दत्तचौधुरींनी वहीतलं पान आणि तो कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. चष्मा काढून पुसला. "प्रबीरबाबू, जीभ गेलेला माणूस नुसतं ऐकून ज्याची दुरुस्ती करतो, ते मिश्रण त्याचं नाही असं मी उद्या उभा राहून म्हणू शकत नाही. तुम्हाला दुसरा वकील बघावा लागेल, नाहीतर डब्यावरचं नाव परत छापावं लागेल."

प्रबीरनं टेबलावरचा डबा हातात घेऊन फिरवला. "छापा," म्हणाला.

७

शुक्रवारी अकरा मिनिटांत काम झालं. विक्री थांबली, मिश्रण सुषेण तलापात्रांचं असं दोन्ही पक्षांनी मान्य केलं, आणि न्यायमूर्तींनी पूजेच्या शुभेच्छा दिल्या. दिदींनी गाऊन आवरला आणि पहिल्या बाकाकडं बघितलं. बाक रिकामा होता.

"सुषेणबाबू कुठं आहेत?"

शुभंकर कानाला मोबाइल लावूनच जिन्याशी उभा होता. "सकाळी सातपासून मिसळायच्या खोलीत आहेत, दिदी. करबाबूंना हॉटेलातून उठवून घेऊन गेलेत. अकराव्यांदा चहा मुरतोय म्हणे."

"त्यांना सांगितलंत की नाही? जिंकले म्हणून?"

"आताच सांगितलं." त्याला हसू आवरेना, आणि डोळे मात्र भरलेले. "म्हणाले, जरा थांब, एवढी वाटी होऊ दे."